कोपरा फाटलेलं कार्ड

नारायणभाऊ पोस्टमनच्या सायकलला घंटी नव्हती, तिचं काम त्याचा गळाच करायचा. नाल्याच्या पलीकडे असतानाच तो ओरडायचा, "ओ मिलिंदची माय, समुद्र आला व!" दादाचं कार्ड आलं की त्याच्या भाषेत समुद्र यायचा. माय पिठाच्या हातानं तशीच बाहेर यायची आणि मला हाक मारायची, कारण आमच्या घरात वाचता येणारी मी एकटीच उरले होते. बाबाला सही करता येत होती, तीही वाकडी. मायचा अंगठा. शेजारी राहणारी गया आत्या, बाबाची मोठी बहीण, तिला तर कागद हातात धरायचीच भीती वाटायची. दादा घरी होता तोवर साऱ्या आळीची पत्रं तो वाचायचा. तो नोकरीवर गेला आणि आठवीतल्या माझ्यासारख्या पोरीकडे ते काम आलं. लपवू कशाला, मला त्याचा चांगलाच माज होता. पहिली ओळ वाचून मी मुद्दाम थांबायची, पाणी मागायची, आणि सगळे माझ्या तोंडाकडे पाहत बसायचे.

तशी मी भित्री. आजही आहे. इंजेक्शनला भिते, विजेला भिते, फोन अवेळी वाजला तर भिते. पण या भीतीचं मूळ सांगायचं तर त्या हिवाळ्याबद्दलच सांगावं लागेल, आणि ते मी आजवर घराबाहेर कुणाला सांगितलेलं नाही. आता सांगायला हरकत नाही. ज्यांच्यासाठी लपवलं ते सगळे गेले.

दादा म्हणजे मिलिंद, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. अकोल्याला शिकला आणि समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका सरकारी ऑफिसात लागला, जहाजावर पाण्याचे नमुने काढणाऱ्या साहेबांच्या हाताखाली. आमच्या आळीत समुद्र पाहिलेला माणूस नव्हता. आम्हाला माहीत असलेलं मोठ्यात मोठं पाणी म्हणजे श्रावणातला नाला, आणि त्यात एकदा बैलजोडी वाहून गेली होती. "पान्यावर नोकरी?" आत्या म्हणाली, "पान्यावर कायची नोकरी करते व मानूस?" दादा निघण्याआधी मी एक काम केलं. तो पोस्टकार्डांचा गठ्ठा घेऊन आला होता, त्या प्रत्येक कार्डावर मी माझ्या सुंदर अक्षरात घरचा पत्ता लिहून दिला, अगदी खालच्या कोपऱ्यात 'जि. अकोला'पर्यंत. आमचं वाशीम तेव्हा अकोल्यातच होतं. "तुहं अक्षर नारायणभाऊले पाठ हाये," दादा म्हणाला, "मले नुसती मागची बाजू लिवा लागंन."

ती मागची बाजू वाचताना आमच्या ओट्यावर समुद्र भरायचा. जहाजावरून दोरीला बांधलेली बाटली खाली सोडतात, पाणी वर आणतात, ते किती गरम आहे किती गार ते मोजतात, आणि मग ते गाळतात. गाळायच्या कागदावर हिरवट डाग उरतो. ती म्हणे झाडं असतात, डोळ्यांना न दिसणारी, पाण्यावर तरंगणारी. मासे त्यांच्यावरच जगतात. गंमत अशी, की जिथं समुद्राचं पाणी उबदार असतं तिथं तो निळाशार आणि रिकामा, आणि जिथं पाणी गार तिथं हिरवा. हिवाळ्यात उत्तरेकडून कोरडं वारं सुटतं, वरचं पाणी गार होऊन जड होतं आणि खाली जातं, खालचं वर येतं आणि खालचं खत सोबत आणतं.

मी हे वाचलं आणि कुणाला काही कळलं नसेल असं मला वाटलं. माय तुरीच्या शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "मंग नांगरटच झाली ना थे. खालची माती वरते आली का पीक येते." मायला शाळा माहीत नव्हती. पुढं मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, पण इतक्या थोडक्यात मला ते कधी सांगता आलं नाही.

मग एका कार्डात त्यानं आभाळातल्या यंत्राचं लिहिलं. परदेशी लोकांनी सोडलेला एक उपग्रह रोज भर दुपारी वरून जातो आणि समुद्राचा रंग टिपतो. वरून हिरवं दिसलं ते खरोखर किती हिरवं आहे, हे खाली कुणीतरी त्याच वेळी पाणी काढून पाहायला लागतं. ते काम दादाच्या जहाजाचं. उपग्रह डोक्यावर यायच्या वेळेला बाटली पाण्यात पाहिजे म्हणजे पाहिजे, मग जेवणाचं ताट समोर असो.

आत्यानं पदर डोक्यावरून पुढं ओढला. "बाप्पा! वरून पाह्यते? आपल्यालेबी पाह्यत असंन?" ती आठ दिवस अंगणात उघड्यावर अंघोळीला बसली नाही. मायनं वेगळाच हिशेब केला. तिचं एक हिरवंगार लुगडं होतं, लग्नाकार्यात नेसायचं. ते ती रोज दुपारी घराच्या धाब्यावर, मातीच्या सपाट छतावर, पसरायला लागली, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवून. बाबा हसला तर म्हणाली, "हिरवं दिसते म्हंते ना त्या यंतराले? दिसू दे मंग. पोराले समजंन, माय घरी हाये." हे मी दादाला कळवलं आणि त्याच्या उत्तराची वाट पाहत बसले.

आता कार्डाच्या कोपऱ्याचं सांगते, हल्लीच्या पोरांना ते माहीत नसणार. कुणी गेल्याची बातमी पोस्टकार्डानं कळवायची तर कार्डाचा कोपरा फाडून टाकायचे. हातात पडताच माणसाला कळावं, बसून घ्यावं. ते कार्ड घरात न्यायचं नाही, उंबऱ्याबाहेर वाचायचं आणि फाडून टाकायचं. आमच्या लोकांनी छप्पन्नमध्ये धर्म बदलला तेव्हा देव नाल्यात सोडले, नवस सोडले, कोंबडं-बकरं सोडलं. या कोपऱ्याला मात्र कुणी हात लावला नाही. भीतीची गोष्ट होती, ती तशीच राहून गेली.

त्या दिवशी नारायणभाऊ ओरडला नाही. तो आला, सायकल भिंतीला टेकवली आणि कार्ड माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवलं. एरवी तो कधी ठेवत नसे, हातात द्यायचा, वर पाणी मागून प्यायचा. ठेवलं आणि दोन पावलं मागं सरला. कार्डाची पत्त्याची बाजू वर होती. माझं अक्षर. मु. पो., तालुका, सगळं जागच्या जागी, आणि जिथं मी 'जि. अकोला' लिहिलं होतं तो कोपराच नव्हता.

माय तूर पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला. आत्या भिंतीला धरून खाली बसली आणि म्हणाली, "वाच व पोरी. वाच, काय हाये त्यात." मायनं काही म्हटलं नाही, नुसती माझ्याकडे पाहत राहिली.

मी कार्ड उचललं. नुसतं उलटायचं होतं, तेवढंच. मनगट वळवायचं. पण मनगट वळेना. पत्ता माझ्या हातचा होता, म्हणजे कार्ड दादाकडच्या गठ्ठ्यातलं. ते दादानं लिहिलं असेल तर फाडलं कशाला? मग दादाच्या खिशातून काढून कुणी दुसऱ्यानंच लिहिलं असणार. कार्ड उलटलं की दादा मरणार, असं माझ्या डोक्यात बसलं. न उलटता राहिलं तर तो नाही मरणार. मी धावत घराच्या मागं गेले. तिथं अंघोळीच्या पाण्याची चूल पेटलेली होती. डोळे गच्च मिटून मी कार्डाचे तुकडे केले, होतील तितके बारीक, आणि चुलीत टाकले. डोळे उघडले तेव्हा काळी राख उडत होती.

परत आले तर आळीतली दहा माणसं ओट्यापाशी. आत्यानं विचारलं, "काय लिवलं होतं?" मी तोंड उघडलं. आवाजच निघेना. आत्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कपाळ बडवून घेतलं, "गेला व माहा वाघ! गेला व पान्यात!"

झालं. तेवढ्यावर माझा भाऊ मेला. मी एक शब्द बोलले नाही, आणि तो मेला.

पुढचे तीन दिवस मी जे ऐकलं ते कुणाच्या वाट्याला येऊ नये. संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाला माहीत झालं होतं की जहाज बुडालं. दुसऱ्या दिवशी लाट पळसाच्या झाडाएवढी होती. तिसऱ्या दिवशी दादानं मरताना माय म्हणून हाक मारली होती. जे पत्र मी वाचलंच नव्हतं ते लोक मला वाचून दाखवत होते, आणि शेवटी पुस्ती जोडायचे, "पोरीनं सोता वाचलं हाये." गावातल्या पाटलांच्या घरच्या बायाही आळीच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. आत पाय ठेवला नाही, पण डोळे पुसले. घरात मेणबत्ती लागली, सकाळ-संध्याकाळ त्रिशरण झालं. माय रडली नाही. ती शिडीनं धाब्यावर गेली, चारी दगड बाजूला केले, लुगड्याची घडी घालून आणली आणि ती मांडीवर घेऊन बसली. शेजारणींनी भाकरी आणल्या, ओल्या तुरीच्या दाण्यांची, सोल्याची आमटी आणली, तिनं हात लावला नाही. मी मात्र जेवले. लाज वाटते सांगायला, पण मला भूक लागायची आणि मी भिंतीकडे तोंड करून जेवायची. सांगावं म्हणून दहा वेळा तिच्याजवळ गेले. काय सांगू? मी वाचलं नाही म्हणू, आणि तो खरंच गेला असेल तर? आणि गेला नसेल तर हे सगळं माझ्यामुळं? दोन्हीकडून अडकून मी तशीच माघारी फिरायची. शेवटी शेवटी तर मला वाटायला लागलं की मी ते वाचलं असेल, त्यात लाट होती, आणि मीच विसरले.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाबानं मला खळ्यावर बोलावलं. तूर वाळत पडली होती. तो खाली पाहतच म्हणाला, "सुजा, पुण्यानुमोदनाचा दिवस धरा लागते. बौद्धाचार्य इचारून राह्यले. कार्डावर तारीख काय होती व?"

कसा मेला हे सगळ्यांनी परस्पर ठरवलं होतं. तारीख मात्र कुणी ठरवू शकत नव्हतं. ती माझ्याकडेच मागावी लागली.

"बाबा," मी म्हणाले, "म्या वाचलंच नाई."

"म्हंजे?"

"उलटंच केलं नाई. भेव वाटला. न वाचताच चुलीत टाकलं."

बाबा मारणार म्हणून मी दोन्ही हात डोक्यावर घेतले. तो तुरीपाशी खाली बसला. बराच वेळ तो तुरीचे दाणे नुसते या हातातून त्या हातात ओतत होता. मग म्हणाला, "मंग तो असंन बी?" त्याचा आवाज असा आला की मार परवडला असता. आणि लगेच त्यानं माझं मनगट धरलं. "मायले बोलू नको. आता आस लावली अन् मंग खरंच निंगालं तं ते जगत नाई. पयले आपून पाहू."

सोयऱ्यांना सांगायला चाललो असं सांगून आम्ही दोघं एस.टी.नं कारंज्याला गेलो, तारऑफिसात. खिडकीतला बाबू मजकूर विचारायला लागला. बाबानं माझ्याकडे पाहिलं. मी कागदावर इंग्रजीत दादाच्या ऑफिसाचा पत्ता लिहिला, दादाचं नाव लिहिलं आणि पुढं 'अलाइव्ह?' असं लिहिलं, स्पेलिंग बाबूनं दुरुस्त केलं. तो चष्म्यावरून म्हणाला, "मानूस समुद्रावर असंन तं ऑफिसवाले जहाजाले इचारतीन, मंग सांगतीन. टाइम लागंन." येताना गाडीत बाबा एकदाच बोलला, "थंडी लय हाये ना व? तिकडं पान्यावर जास्त असंन." तो दादाच्या स्वेटरचा विचार करत होता. जिवंत माणसाच्या थंडीचा. मला हुंदका आला, तो मी खिडकीबाहेर काढला.

दोन दिवस. त्या दोन दिवसांत घरात दोन घरं झाली. मायच्या घरात दादा गेला होता, आणि माझ्या-बाबाच्या घरात तो ना गेला होता ना होता. बाबा जेवताना माझ्याकडे पाहायचा आणि मी मान खाली घालायची. आत्या म्हणाली, पोरीला धक्का बसला, अंगारा लावा. मायनं पाच दिवसांत पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं, तिच्या गालांची हाडं दिसायला लागली होती. दादा असेल तरी माय जाईल, या नव्या भीतीनं मी तिच्या नाकासमोर हात धरून पाहायची.

पाचव्या दिवशी नारायणभाऊ आला. हातात तार. आळीत तार आली की तारेचा लिफाफा पाहूनच बाया रडायला लागत. आत्यानं सुरुवात केलीच. नारायणभाऊनं ती ओट्यावर ठेवायला हात खाली नेला आणि मायनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "पोरीच्या हाती दे."

लिफाफा माझ्याकडून वाकडातिकडा फाटला. बाबा माझ्या मागं येऊन उभा राहिला, त्याचा श्वास मला मानेवर लागत होता. पळून जावं असं वाटलं, खरं सांगते. घराच्या मागं चूल पेटलेलीच होती. मी डोळे उघडे ठेवले. तीन-चार इंग्रजी शब्द होते. मिलिंद सेफ ऑन शिप. मी ते एकदा वाचले, दोनदा वाचले, बोट ठेवून तिसऱ्यांदा वाचले. मग ओरडले, "माय, दादा जित्ता हाये! जहाजावर हाये, बरा हाये!"

माय उठली, माझ्यापर्यंत आली, आणि तिनं मला एक थोबाडीत मारली. अशी मारली की कान बंद झाला. मग तिनं मला पोटाशी धरलं आणि पाच दिवसांचं रडली. तिनं काही विचारलं नाही. लोक म्हणायला लागले, असं कसं, कार्डात तर वेगळं होतं. बाबा पुढं झाला आणि म्हणाला, "कार्ड पान्यानं भिजेल होतं. अक्षर फुटलं होतं. पोरीची काई चूक नाई." उभ्या जन्मात बाबा खोटं बोलल्याचं मला तेवढं एकच माहीत आहे. माय ताकातली कणी जेमतेम दोन घास खाऊन शिडी चढली, लटपटत, आणि ऊन कलत आलं होतं तरी तिनं लुगडं पसरलं.

चैत्रात दादा आला. कोपऱ्याचं ऐकून आधी हसला, मग त्यानं मायच्या तोंडाकडे पाहिलं आणि उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा मला सांगितलं. त्या दुपारी समुद्र खवळलेला. उपग्रह डोक्यावर यायची वेळ झालेली, पाणी गार लागलेलं, बाटली वर आली तर हिरवं इतकं की साहेब ओरडायलाच लागले. नंबराच्या चिठ्ठ्या साऱ्या भिजून लगदा झालेल्या. नंबर नसेल तर ती बाटली फुकट. खिशात घरचं कार्ड होतं, जाड कागदाचं, लिहून तयार. मागच्या बाजूचा खालचा कोपरा तेवढा कोरा होता. टर्रकन फाडला, पेन्सिलीनं नंबर घातला, बाटलीच्या गळ्याला बांधला. संध्याकाळी एक बोट टपाल न्यायला आली, त्यानं कार्ड टपालात टाकलं. "मले सुचलंच नाई व," तो म्हणाला. "मले नुसता तो रंग दिसून राह्यला होता."

"कार्डात काय लिहिलं होतं?" मी विचारलं.

"मायच्या लुगड्याचं. का बा, त्या यंत्राले समुद्रातले मोठमोठे पट्टे दिसतेत, लुगडं नाई दिसत. पन मायले सांगू नको, पसरू दे."

मी सांगितलं नाही. माय ते लुगडं विटून पांढरं होईपर्यंत पसरत राहिली. पुढं किती वर्षांनी, ती अंथरुणाला खिळलेली असताना, मी एकदा धीर करून कार्डाचं काढलं. म्हणाले, "माय, म्या तवा वाचलं नव्हतं." ती म्हणाली, "मले तवाच समजलं. म्या तरी कुठी तुले वाच म्हनलं होतं? तू टाकलं नसतं तं म्या टाकलं असतं चुलीत." मग कुशीवर वळली. "भेवाचं काय व, तो घरातच होता."

निवृत्त झाल्यावर दादा समुद्राचे रंगीत नकाशे मोबाईलवर पाठवायचा, उबदार ते तांबडं, हिरवळ ती हिरवी. समुद्र तापत चाललाय म्हणायचा. वर गरम पाणी झाकणासारखं बसतं, खालचं गार वर येत नाही, हिरवं कमी होतं. त्याच्या बोलण्यात तेव्हा भीती असायची आणि मला ती ओळखीची वाटायची.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात दादा दवाखान्यात होता. एका सकाळी मी गावातल्या जुन्या घरी ओट्यावर तूर निवडत होते आणि फोन किणकिणला. भाच्याचं नाव, खाली मेसेज. मी फोन पालथा घातला. चारी कोपरे धड होते, फोनचे कोण फाडणार. नजर सवयीनं घराच्या मागं गेली. तिथं आता चूल नाही. मग चष्मा पुसला, फोन सुलटा केला, आणि घरात ऐकायला कुणी नव्हतं तरी मेसेज मोठ्यानं वाचला. तारखेसकट.